आर्विड लुंडबीला हरवून दाखवा

…नाही, पण तुम्हीच सांगा, निवडणुकीला उभं राहिल्यावर समोरचा उमेदवार निदान जिवंत असावा एवढी अपेक्षा धरणं म्हणजे फार झालं का हो? जिवंत माणसाशी भांडता येतं! त्याला चारचौघांत प्रश्न विचारता येतो, तो खोटं बोलला तर पकडता येतं, सभेत पेंगला तर फोटो काढता येतो. मेलेला माणूस काय करतो? काहीच करत नाही! चुकत नाही, अडखळत नाही, भाषण लांबवत नाही… आणि अख्खा जिल्हा डोळे पुसत म्हणतो, "किती शांत माणूस!" अहो, शांत असणारच! मेलाय तो! तुम्हाला सांगते, मी शिकलेली वकील आहे, वादात माझा हात धरणारं या सगळ्या उत्तर डकोटात कुणी नाही अशी माझी समजूत होती… पण मेलेल्या माणसाला हरवून दाखवा. दाखवाच तुम्ही.

थांबा, तुम्हाला आर्विड लुंडबी माहीत नसणार. आणि ही गोष्ट आमच्या टोर्स्टाडमध्ये कुणाला सांगितली, तर विश्वास बसणार नाही त्यांचा, की जगात असेही लोक आहेत ज्यांच्या आईच्या मयताला आर्विड लुंडबीनं कॉफी ओतली नाही! टोर्स्टाड म्हणजे काय तर एक रस्ता, एक रेल्वेफाटक, एक धान्याचं उंच कोठार, एक चर्च, आणि हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या. एका खोलीत आर्विड लुंडबी, वकील आणि आमदार. शेजारच्या खोलीत मी, ब्रिटा हाउगन. मीही वकील. पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

हा माणूस डेअरीत लोणी घुसळणाऱ्याचा मुलगा. शहरात जाऊन कायदा शिकला, चांगला पहिल्या वर्गात, आणि जिथं आमची सगळी हुशार पोरं शहरातच राहतात तिथं हा परत आला. का? तर म्हणे, "आईनं बटाटे लावले होते, काढायला कुणी नव्हतं." बटाटे काढायला आलेला माणूस पन्नास वर्षं राहिला! पहिलाच खटला दोन सख्ख्या भावांचा. एकाचा बैल दुसऱ्याचं कुंपण मोडून आत गेला आणि यायलाच तयार नाही. दोघंही भाऊ आर्विडकडे आले. दोघांचाही वकील हाच! त्यानं ही गोष्ट सांगितली तेव्हा मी म्हटलं, "अहो, हे कायद्यात बसतं का?" तर म्हातारा शांतपणे म्हणतो, "नाही बसत पोरी. म्हणून मी वकील म्हणून बसलोच नाही, शेजारी म्हणून बसलो. कॉफी ओतली. तिसऱ्या कपाला बैल घरी गेला."

ही त्याची वकिली! आणि हेच त्याचं राजकारण. आमच्याकडे कुणी गेलं की चर्चमध्ये प्रार्थना होते आणि मग सगळे तळघरात जेवायला उतरतात. हॅम घातलेले बन, हिरवी थरथरती जेली, बटाट्याची पातळ पोळी, लेफ्से म्हणतात ती, आणि प्रत्येक घरातून आलेलं हॉटडिशचं, म्हणजे मांस-बटाटे एकत्र भाजलेल्या जेवणाचं भांडं, तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत जावं. आणि कॉफीच्या भल्यामोठ्या पिंपापाशी, हातात किटली घेऊन, आर्विड. मयत कुणाचंही असो. आपल्या पक्षाचं, दुसऱ्या पक्षाचं, ज्यानं त्याला आयुष्यभर शिव्या घातल्या त्याचंही. हा बोलायचा काय? काहीच नाही! खांद्यावर हात ठेवायचा, कप भरायचा आणि म्हणायचा, "मी आहे." बास. दोन शब्द. पुराच्या वर्षी वाळूची पोती भरता भरता लोकांनी त्याला आमदार केलं आणि त्यानंतर कोण उतरवतो! हरवणार कसं? प्रत्येकाच्या आईला पोचवून आलेला माणूस तो!

मी त्याच्याच हाताखाली शिकले. दोन वर्षं. इच्छापत्रं लिहिली, बांधाची भांडणं मिटवली, त्याचं खुर्चीतलं करकर करकर डोलणं ऐकलं. आणि दोन वर्षं रोज विचारलं, "बाळंतपणाच्या वॉर्डचं काय?"

हं, हा वॉर्ड. आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला. का, तर म्हणे बाळं कमी होतात. अहो, बाळं कमी होतात म्हणून वॉर्ड बंद, वॉर्ड बंद म्हणून तरुण जोडपी शहरात, जोडपी शहरात म्हणून बाळं कमी! हे शहाणपण कुणाचं? वयस्कांचं! ज्यांना आता काही मुलं व्हायची नाहीत त्यांचं! वॉर्ड परत उघडायचा तर राजधानीत कायदा करावा लागणार, कायदा करायचा तर आमदार हलायला हवा, आणि आमचा आमदार काय म्हणतो? "बघूया. पुढच्या अधिवेशनात बघूया." करकर, करकर.

मग निवडणुकीच्या वर्षी माझी बहीण कारी पिकअप गाडीत बाळंत झाली. कुठं? आमच्याच रेल्वेफाटकावर! शहरातला दवाखाना दीड तासावर, नवरा गाडी हाकतोय, आणि फाटक पडलं, आणि मालगाडी आली… तुम्ही आमच्याकडची मालगाडी पाहिलीय का? गव्हाचे डबे, तेलाचे डबे, संपतच नाही ती! डबे जातायत, कारी ओरडतेय, नवरा तिचा हात धरून डबे मोजतोय, दुसरं काय करणार? शेवटचा डबा गेला तेव्हा बाळ बाहेर होतं आणि निळं पडलेलं होतं. वाचलं. वाचलं हो, आता चांगलं धावतंय. पण मी ते निळं तोंड पाहिलंय. त्याच दिवशी मी आर्विडला सांगितलं, "मी तुमच्याविरुद्ध उभी राहतेय."

म्हातारा काय म्हणाला असेल? चिडला? धमकी दिली? छे! म्हणाला, "अर्ज भरायला जिल्ह्याच्या गावी जावं लागेल. तुझी गाडी थंडीत सुरू होत नाही. मी सोडतो." आणि सोडलं! दार धरून उभा राहिला! अर्जावर मतदारांच्या सह्या लागतात, तर पहिली सही त्यानंच केली, वर म्हणतो, "माझं अक्षर लागतंय ना बघ." सांगा मला, अशा माणसाशी लढायचं कसं?

तरी मी लढले. दारोदार फिरले. आमच्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, तेवढी सभ्यता आहे लोकांत… नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं! एल्मर क्वाम म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी अर्धी दुपार वॉर्ड समजावला. त्यानं सगळं ऐकलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "वेगळंच आहे गं तुझं." मी खूश! घरी येऊन आईला सांगितलं, एल्मरला माझं वेगळं वाटलं! आई म्हणाली, "ब्रिटा, त्यांच्या जावयानं गाडीला जांभळा रंग दिला तेव्हाही एल्मर हेच म्हणाले होते." आणि निघताना हमखास, प्रत्येक दारात, हमखास तेच: "मुद्दा बरोबर आहे हो तुझा. पण काय आहे, त्यानं माझ्या आईच्या मयताला कॉफी ओतली होती." अरे, पण आई मेली! बाळाचं काय? तर लगेच दुसरं भांडं पुढे. "खाऊन जा ना." "नको." "थोडंसं." "नको हो." "अगदी थोडं." तिसऱ्यांदा नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मतं मिळाली नाहीत, वजन वाढलं!

मग शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये आमने-सामने सभा झाली. सगळं गाव घडीच्या खुर्च्यांवर. मी तयारी करून तासभर भाषण केलं, आकडे, तक्ते, सगळं. आर्विड उठला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "ब्रिटा म्हणते ते बरोबर आहे." आणि बसला! बसला हो! टाळ्या! त्याला! माझं डोकं फिरलं. मी माईक ओढला आणि ओरडले, "बरोबर आहे तर करत का नाही? लिहून ठेवा सगळ्यांनी, हा माणूस जिवंत असेपर्यंत तो वॉर्ड उघडणार नाही!"

आर्विडनं माझ्याकडे बघितलं. चष्मा पुसला. "असेल," म्हणाला, "तसंही असेल." सभा संपल्यावर दारात थांबून विचारतो काय, "कारीचं बाळ बरंय ना? आणि तू गाडीला बर्फाचे टायर घातलेस का?" मी म्हटलं, "माझे टायर मी बघीन." हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. माझे टायर मी बघीन.

पुढच्या आठवड्यात गेला. कसा गेला? एल्मर क्वामच्या बायकोचं मयत होतं, तळघरात शेवटचा कप भरला, म्हणाला, "जरा बसतो," बसला, आणि संपला. आता लोकांना हळहळ वाटावी की नाही? वाटली. पण आमचे लोक! जो तो मला रस्त्यात थांबवून काय सांगतोय? "किटली आधी नीट खाली ठेवली हं! एक थेंब सांडला नाही!" आणि सांगून झालं की थांबायचे… माझ्याकडे असं बघायचे… पण मला कळत होतं ना ते काय आठवतायत. जिवंत असेपर्यंत. जिवंत असेपर्यंत. अहो, ते बोलण्याच्या ओघात आलं होतं! राजकारणात माणूस बोलतो! मी काय चेटकीण आहे?

आणि निवडणूक सहा दिवसांवर. मतपत्रिका छापून झालेल्या. कायदा साफ आहे, छापलेलं नाव काढता येत नाही. वर त्याचं, खाली माझं, आणि सगळ्यांत खाली ती एक मोकळी ओळ, छापलेलं कुणीच पसंत नसेल तर आपल्या हातानं हवं ते नाव लिहा म्हणून. दर निवडणुकीला कुणीतरी वात्रट तिथं त्या बैलाचं नाव लिहितो. वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. पण तुम्हाला सांगते, मनात एक बारीकसा उंदीर म्हणत होता, ब्रिटा, आता कोण आहे समोर? आता वॉर्ड उघडला समज!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसले आणि फोन वाजला. उचलला.

"नमस्कार, मी आर्विड बोलतोय."

माझ्या हातातून काटा पडला.

"घरी सगळे बरे ना? थंडी वाढतेय, जपून राहा. मंगळवारी जमलं तर या. काळजी करू नका. मी आहे."

मी आहे! कुठं आहेस बाबा? नंतर कळलं, आवाज आधीच भरून ठेवलेला, दूर कुठल्याशा राज्यात एक यंत्र आहे, ते घरोघर फोन लावतं. मी त्या कंपनीला फोन केला, म्हटलं, "बंद करा, माणूस वारलाय." तिकडची पोरगी म्हणते, "ज्यांनी काम दिलंय त्यांनीच सांगायला हवं, मॅडम." अगं, ते कसे सांगतील! रोज संध्याकाळी, बरोबर जेवणाच्या वेळी, सगळ्या जिल्ह्याचे फोन वाजायला लागले. आणि लोक फोन ठेवून देतात असं वाटतं तुम्हाला? एल्मर क्वाम त्या यंत्राशी बोलायला लागला! मी स्वतः ऐकलंय. "हो आर्विड, बरा आहे. घर जरा मोठं वाटतं आता. तिकडं ती भेटली तर सांग, मांजर घरी आलंय." आणि मग फोन उगीच कानाला लावून बसायचा.

मी हसणार होते हो. हसूच आलं नाही.

आणि दुकानावरच्या माझ्या खोलीत? भिंतीपलीकडे? करकर… करकर! भर दुपारी! मी कायद्याची माणूस, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मान ताठ झाली माझी, वळेचना! शेवटी धीर केला, हातात जाडजूड कायद्याचं पुस्तक घेतलं, भूत असेल तर त्याच्या डोक्यात घालायला, आणि धाडकन दार उघडलं. खुर्चीत व्हर्ना. त्याची बायको. कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन डोलत बसलेली. म्हणाली, "दार लाव पोरी, वारं येतंय." मी म्हटलं, "तुम्ही इथं काय करताय?" तर म्हणे, "पन्नास वर्षं मला सांगायचा, खुर्चीला तेल घालायचंय. बघायला आले, खरंच किती वाजते ती." मी विचारलं, "आणू का तेल?" व्हर्ना म्हणाली, "हात लावशील तर बघ."

त्याच दिवशी गॅरेजवाला आला, म्हणाला, "चावी दे, टायर घालायचेत." मी म्हटलं, "कुणी सांगितलं?" "आर्विडनं. सभेच्या दुसऱ्या दिवशीच सांगून गेला होता, आमचा माल यायला वेळ झाला." सांगा आता! मेलेल्या माणसाला हरवून दाखवा. मेलेला माणूस तुमच्या गाडीला टायर घालतो!

शनिवारी त्याचं मयत. आणि शुक्रवारी आलं वादळ. ऑक्टोबर संपता संपता असं बर्फ मी कधी पाहिलं नव्हतं, समोरचं दुकान दिसेना, रस्ते बंद, फाटक गाडलं गेलं. ज्या माणसानं सगळ्या जिल्ह्याला पोचवलं त्याला पोचवायला कोण आलं? व्हर्ना, पास्टर, पेटी वाजवणारी बाई, बर्फ लोटणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर, आणि मी, कारण मी समोरच राहते. बास! रिकामी बाकं. पास्टर रिकाम्या बाकांकडे बघून बोलतोय आणि त्याचा आवाज भिंतीवर आपटून परत येतोय. नंतर आम्ही तळघरात उतरलो. ते भलंमोठं पिंप, शंभर कपांचं, कुणीतरी सवयीनं पूर्ण भरून लावलेलं, खदखदतंय. आणि आम्ही पाचजण त्याच्याकडे बघत उभे. कुणी हलेना. कसं हलणार, तिथं पुढं कोण जातं हे कुणालाच माहीत नव्हतं! आजवर वेळच आली नव्हती. शेवटी मीच गेले. किटली उचलली. जड असते हो ती, कल्पना नव्हती मला. व्हर्नाचा कप भरला. काहीतरी बोलायला हवं म्हणून तोंड उघडलं, आणि तुम्हाला खोटं वाटेल, भाषणं करणारी बाई मी… एवढंच निघालं, "मी आहे." व्हर्नानं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पातळ झालीय."

आणि मग मंगळवार. रस्ते मोकळे झाले, ऊन पडलं, मतदान. आता मतदान कुठं असतं टोर्स्टाडमध्ये? चर्चच्या तळघरात! दुसरी जागाच नाही! मी सकाळी नियमानं ठरवून दिलेल्या अंतरावर चर्चच्या फाटकाबाहेर उभी, लाल टोपी, हसरा चेहरा. पहिली गाडी आली. एल्मर क्वाम उतरला. काळा सूट! पाठोपाठ मुलगी, काळा झगा, हातात हॉटडिश. दुसरी गाडी. काळे कपडे, हॅमचे बन. तिसरी, जेली. मग रांगच लागली, ट्रॅक्टरवरूनसुद्धा आले, विंचरलेले केस, पॉलिश केलेले बूट, झाकलेली भांडी… मला आधी कळेचना! एल्मरला विचारलं, "आज कुणाचं मयत?" तो मान खाली घालून म्हणाला, "शनिवारी येता आलं नाही गं. फार वाईट दिसलं ते. म्हटलं, आज तरी हजेरी लावावी." हजेरी! अहो मतदान आहे ते! आमदार निवडताय तुम्ही, सांत्वनाला नाही आलात! पण नाही. त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, त्यानं आमच्या मयताला यायचं आणि आम्ही त्याच्या मयताला जायचं नाही, असं कसं चालेल? आणि जायचं तर त्याच्या नावासमोरचा गोल काळा करून जायचं. भेटवहीत सही करावी तसा!

एवढ्यात आत गडबड झाली. वयस्क माणसं पेनं घेऊन उभी, भांडी टेबलावर मांडलेली, पिंप खदखदतंय आणि कप रिकामे. व्हर्ना पायऱ्या चढून वर आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "इथं थंडीत काय उभी राहिलीस? आत चल. कॉफी कोण ओतणार?" मी म्हटलं, "व्हर्ना, मी उमेदवार आहे, मला आत थांबता येत नाही, कायदा आहे!" मतदान अधिकारी लायल. तोही म्हातारा, तोही काळ्या सुटात! त्यानं टोपी मागे सारून पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "बोलायचं नाही. नुसतं ओतायचं."

तर तुम्हाला सांगते, माझ्या स्वतःच्या निवडणुकीच्या दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मी तोंड मिटून माझ्याविरुद्ध मत देऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाचा कप भरला. मध्येच व्हर्नानं मला गाडीची चावी काढायला लावली, म्हणाली, "वृद्धाश्रमातल्या बायकांना आणायला कुणी नाही, तुझ्या गाडीला टायर चांगले आहेत." तेही केलं! त्याच्या टायरवर त्याचे मतदार आणले! लोक येत होते, कप पुढं करत होते, ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच कुणी वेगळंच आहे गं तुझं म्हणालं नाही. मी स्वतः मत कुणाला दिलं? ते गुप्त असतं. विचारू नका.

आपटले! अशी आपटले की राज्यभर बातमी झाली, जिल्ह्यानं मेलेला आमदार निवडला. बैलालाही मतं होती.

आता मेलेला माणूस शपथ घेऊ शकत नाही, एवढं तरी आमच्या कायद्याला कळतं. जागा रिकामी झाली की जिल्ह्याची समिती माणूस नेमते. समिती म्हणजे पाच वयस्क, कॅफेतल्या खिडकीजवळच्या टेबलावरचे. त्यांनी चर्चा काय केली माहितीये? वॉर्ड नाही, कर नाही, रस्ते नाहीत. चर्चा एकच, "आर्विडला कोण आवडलं असतं?" तासभर कॉफी ढवळली. शेवटी शेजारच्या टेबलावरून व्हर्ना म्हणाली, "त्यानं अर्जावर सही कुणाच्या केली होती?" झालं! नेमलं मला! मी निवडणूक हरले आणि आमदार झाले! आई रडली, कारीनं मिठी मारली, आणि मला, तुम्हाला म्हणून सांगते, हसावं की रडावं कळेना, कारण जागा मिळाली, पण दिली कुणी? त्यानं!

राजधानीत गेले. बाकावर पाटी: आर्विड लुंडबी. म्हटलं, बदला. शिपाई म्हणतो, "नवी पाटी पुढच्या अधिवेशनात, मॅडम." पुढच्या अधिवेशनात! मला खुर्चीची करकर ऐकू आली! आणि मत द्यायचं बटण दाबलं की भिंतीवरच्या फळ्यावर नाव उमटतं, तिथंही लुंडबी. मी वॉर्डचं बिल मांडलं, आकडे, तक्ते, कारी, मालगाडी, निळं बाळ, सगळं ओतलं. समोर ते पिकले आमदार पेंगतायत. मी खाली बसले, म्हटलं, संपलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण जागा झाला, फळ्याकडे बघून विचारतो, "कुणाचं बिल आहे? लुंडबीचं?" शेजारचा म्हणाला, "हो. शेवटचंच म्हणायचं." "अरेरे," पहिला म्हणाला, "माझ्या वडलांच्या मयताला बर्फातून गाडी हाकत आला होता." आणि दाबलं हिरवं बटण. मग त्याच्या शेजाऱ्यानं. मग पुढच्या रांगेनं. मी वर बघितलं. सगळा फळा हिरवा, आणि मध्ये, माझ्या बोटानं पेटलेलं, त्याचं नाव.

वॉर्ड उघडला. दारावर पाटी कुणाच्या नावाची, ते तुम्ही ओळखलंच असेल. मी सगळ्या गावासमोर म्हटलं होतं ना, हा जिवंत असेपर्यंत उघडणार नाही? शब्द खरा केला म्हाताऱ्यानं. मरून खरा केला! परवा कारीचं दुसरं बाळ तिथंच झालं, स्वच्छ चादरी, गरम खोली, बाळ लालबुंद, पहिल्या क्षणापासून बोंबलणारं. मी दारात उभी, डोळे भरून आलेले. आणि माझी सख्खी बहीण, जिच्यासाठी मी हे सगळं केलं, उशीवर मान टेकून समाधानानं म्हणते, "शेवटी केलं हं आर्विडनं." मेलेल्या माणसाला हरवून दाखवा!

मी सोडून दिलंय आता. मयताला जाते, सगळ्यांच्या जाते, किटली आता जड वाटत नाही. आणि ते फोन… ते कधीच बंद झाले हो. पण जेवायच्या वेळी माझा हात थांबतो, काटा धरून. अजून थांबतो. एल्मर सांगतो, त्याचाही थांबतो.

या वर्षी पुन्हा निवडणूक आली. आणि कळलं, माझ्याविरुद्ध कुणीच उभं नाही! कुणीच नाही! वर माझं नाव, एकटीचं, छापलेलं, आणि खाली नुसती ती मोकळी ओळ. तुम्हाला सांगते, किती दिवसांनी श्वास घेतला मी! मतदानाच्या दिवशी पायऱ्या उतरून तळघरात गेले. समोरच टेबलाशी व्हर्ना, काळा कोट, पर्स मांडीवर, मतपत्रिका अगदी नाकाजवळ धरलेली. मला बघून म्हणाली, "अगं ब्रिटा, ही खाली मोकळी ओळ असते, तिथं आपल्या मनानं नाव लिहिता येतं ना?"

मी म्हटलं, "येतं."

म्हणाली, "माझं पेन उठत नाहीये गं."

मागे एल्मर उभा. त्याच्या मागे लायल. त्याच्या मागे पायऱ्यांपर्यंत रांग, सगळे माझ्याकडे बघतायत…

काय करणार? दिलं पेन.